गाळ की गाय?

भाषेच्या अभ्यासकांत हल्ली एक वाक्य वारंवार ऐकू येतं. परिसंवादात ऐकू येतं आणि परिसंवादानंतरच्या चहावर जास्तच मोकळेपणाने ऐकू येतं : "खेड्यातून ऑनलाइन डेटा मागवू नका. चाळायला घेतला की अर्धा गाळ निघतो." बोलणारे अडाणी नसतात. त्यांच्याकडे तीन मुद्दे असतात. लोकांच्या हातात कसले फोन, कसले इअरफोन असतील याचा नेम नाही. ब्राउझरमध्ये वेळ नीट मोजली जात नाही. आणि गावातले लोक लक्ष देऊन ऐकत नाहीत, वाटेल ते बटण दाबतात. या तिन्हींवरून निष्कर्ष ठरलेला असतो : उच्चार माणसाला कसे ऐकू येतात याचे प्रयोग शहरात, ध्वनिरोधक खोलीत, कॉलेजच्या मुलांवर करावेत.

या म्हणण्याचा मला प्रतिवाद करायचा आहे. ऑनलाइन साधनं निर्दोष आहेत असं माझं म्हणणं नाही. दोष आहेतच, पण ज्याला गाळ म्हणून फेकलं जातं तो बहुतेकदा गाळ नसतो. चाळणीच दुसऱ्या धान्याची असते. मी हे ठामपणे सांगू शकते, कारण अशी एक चाळणी मी स्वतः बसवली होती आणि तिने माझ्याच मावशीला बाहेर काढलं.

माझं आजोळ लोधीखेड्याचं. नागपूर–छिंदवाडा वाटेवर सौंसरच्या अलीकडे, राज्याची हद्द ओलांडली की लगेच. तिथली मराठी वऱ्हाडी-नागपुरी वळणाची. त्या बोलीत ळ चा य होतो : डोळा म्हणजे डोया, डाळ म्हणजे डाय, केळी म्हणजे केयी. हे सगळ्यांना ठाऊक आहे, त्यावर विनोदही पुष्कळ झाले आहेत. मला विचारायचा होता तो पुढचा प्रश्न. तोंडातून ळ निघत नसेल, तर कानाला तो ऐकू येतो का?

यासाठी शब्दांची एक जोडी निवडली : गाळ आणि गाय. प्रमाण मराठी बोलणाऱ्या मैत्रिणीच्या आवाजात दोन्ही शब्द ध्वनिमुद्रित केले. मग प्राट या फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये 'गाळ'पासून 'गाय'पर्यंत सात पायऱ्या तयार केल्या. पहिली पायरी स्वच्छ ळ, सातवी स्वच्छ य, मधल्या पाच मधल्याच. प्राट हे ॲमस्टरडॅम विद्यापीठातल्या पॉल बोअर्स्मा आणि डेव्हिड वेनिंक यांचं काम. ध्वनीचं पृथक्करण करणाऱ्या जगभरच्या लोकांचं ते रोजचं हत्यार आहे. त्यानंतर जेएस-साइक या खुल्या संचातून ब्राउझरमध्ये चालणारा छोटा प्रयोग बांधला. आवाज वाजतो, पडद्यावर 'गाळ' आणि 'गाय' अशी दोन बटणं येतात, ऐकू आलं ते दाबायचं. अशा प्रयोगांत पडताळणीचे प्रश्न घालायची पद्धत आहे. दोन टोकांच्या स्वच्छ आवाजांवर जो चुकतो, तो लक्ष देत नाही असं मानून त्याला वगळतात. मीही तसे आठ प्रश्न घातले, चार ळ चे आणि चार य चे. आठांपैकी सात बरोबर आले नाहीत तर पडद्यावर 'धन्यवाद' येऊन खेळ खलास.

मावशी ओट्यावर बसली होती. कानात नातवाचा इअरफोन. तिने सावकाश, नीट ऐकून बटणं दाबली. ळ च्या चारही आवाजांवर 'गाळ'. य च्या चारांवर दोनदा 'गाय', दोनदा 'गाळ'. पडद्यावर 'धन्यवाद' आलं.

"झालं?" तिने विचारलं.

"मावशी, गाय म्हटलं तेव्हा गाळ का दाबलंस?"

"गायच म्हने ना वो पोरी. पन नालीतला गाय का गोठ्यातली गाय, थे तं तुया फोन सांगतच नाही. मंग कदी हे दाबलं, कदी थे दाबलं." आणि थोडं थांबून, "थे पयली बाई शिकेल दिसते. आपल्यावानी नाही बोलत."

म्हणजे मावशीला फरक ऐकू आला होता, आणि तो तिने माझ्यापेक्षा जास्त बारकाईने ऐकला होता. 'गाळ' ऐकलं की बोलणारी शिकलेली आहे आणि नालीतल्या चिखलाबद्दल बोलते आहे, एवढं तिला कळत होतं. 'गाय' ऐकलं की दोन्ही अर्थ शक्य होते, कारण तिच्या गावात दोन्ही वस्तूंना तोच उच्चार आहे. दोन अर्थ शक्य असताना तिने दोन्ही बटणं सारखी वाटली. याहून प्रामाणिक उत्तर कोणतं असणार? माझ्या प्रोग्रामने मात्र त्याचा अर्थ 'लक्ष नाही' असा लावला. ती नापास झाली ती तिला तिची मराठी येते म्हणून.

एका मावशीवरून सिद्धान्त होत नाही, हे मला मान्य आहे. पण चाळणीचं भोक दिसायला एक दाणा पुरतो.

आता हीच गोष्ट एका प्रसिद्ध प्रयोगाशेजारी ठेवून बघा. कॅनडातल्या जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस यांनी १९८४ साली दाखवलं की हिंदीतल्या त आणि ट मधला फरक इंग्रजी बोलणाऱ्या घरांतल्या सहा-आठ महिन्यांच्या बाळांना कळतो, पण वर्षाच्या आसपास ती जाण ओसरते, आणि मोठ्या इंग्रजी भाषकांना तो फरक पकडणं फार जड जातं. मानसशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत हा प्रयोग आजही आहे. त्या मोठ्या माणसांना कुणी 'लक्ष न देणारे' म्हणून वगळलं नाही. त्यांना ऐकू न येणं हाच शोध होता. मग लोधीखेड्याच्या बाईने दोन उच्चारांपैकी एकाला दोन अर्थ दिले, तर तो खराब डेटा कसा? प्रश्न विचारणाऱ्याला उत्तर आधीच माहीत आहे असं धरलं, तरच ते खराब ठरतं.

आता मुद्दे एकेक घेऊ.

पहिला मुद्दा उपकरणांचा. खोलीत बसवलेले हेडफोन सारखे असतात, गावात नसतात, खरं आहे. यावर उपाय शोधण्यातही लोकांनी डोकं लढवलं आहे. २०१७ साली केव्हिन वुड्स, जॉश मॅकडर्मॉट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक सोपी परीक्षा सुचवली. तीन सूर वाजतात, सर्वांत हळू कोणता ते सांगायचं. त्यातल्या एका सुराची लाट डाव्या-उजव्या बाजूंना उलटसुलट ठेवलेली असते. हेडफोनवर तो सूर नेहमीसारखा ऐकू येतो. स्पीकरवर दोन लाटा हवेत एकमेकींना खोडतात, तो सूर मंद वाटतो आणि ऐकणारा फसतो. सहांपैकी पाच बरोबर आले तर हेडफोन आहेत असं धरायचं. २०२१ मध्ये ॲलिस मिल्न आणि सहकाऱ्यांनी याहून कडक परीक्षा मांडली. तिच्यातला सूर दोन्ही कान मिळूनच ऐकू येतो, एकट्या कानाला नुसती खरखर.

मावशीच्या इअरफोनची एक बाजू कधीच बंद पडलेली होती. अशा इअरफोनने २०१७ ची परीक्षा पास होता येतं, कारण एकाच बाजूचा आवाज खोडायला दुसरी लाटच येत नाही. २०२१ च्या परीक्षेत मात्र तीच व्यक्ती नापास. म्हणजे कोणती परीक्षा लावली त्यावर मावशी 'चांगली श्रोती' की 'वाईट श्रोती' हे ठरणार. या परीक्षा वाईट नाहीत. त्या एका विशिष्ट गोष्टीसाठी आहेत : आवाज दोन कानांत वेगळा पोहोचतो का. ज्या प्रयोगाला त्याची गरज आहे त्याने त्या लावाव्यात. गाळ-गायला एक कान पुरतो.

खरा प्रश्न वेगळा आहे : ज्या खुणेवरून कान फरक करतो, ती खूण या उपकरणातून पोहोचते का? ळ म्हणताना जीभ मागे वळते आणि तोंडाच्या पोकळीतल्या अनुनादांपैकी तिसरा खाली उतरतो. य म्हणताना दुसरा आणि तिसरा दोन्ही वर असतात. हा सगळा व्यवहार साधारण तीन-साडेतीन हजार हर्ट्झच्या आत उरकतो. जुन्या टेलिफोनची तार ३०० ते ३४०० हर्ट्झ नेत असे, आणि त्या तारेवरही ळ आणि य वेगळे कळत. साध्या फोनचा स्पीकर एवढं सहज वाजवतो. याउलट मला 'चार'मधला च आणि 'चाक'मधला च तपासायचा असता, तर मी स्वतःच सावध झाले असते. घर्षणाचा तो भाग बराच वरच्या पट्टीत असतो. स्वस्त ब्लूटूथ गळपट्टी कॉलच्या अवस्थेत गेली की तो भाग सरळ कापला जातो. तेव्हा 'फोन वाईट म्हणून प्रयोग वाईट' हे वाक्य अर्धवट आहे. कोणता ध्वनी आणि कोणता फोन, हे सांगितल्याशिवाय त्याला अर्थ नाही.

दुसरा मुद्दा वेळेचा. २०२० साली डेव्हिड ब्रिजेस, जॉनथन पिअर्स आणि सहकाऱ्यांनी प्रयोगशाळेतली आणि ब्राउझरमधली बरीच साधनं यंत्र लावून मोजली. सायकोपायसारखी साधनं संगणकावर थेट चालवली की चूक मिलिसेकंदाच्याही आत राहते. ब्राउझरमध्ये ती वाढते, आणि आवाज सुरू व्हायला लागणारा उशीर ब्राउझर आणि यंत्र बदललं की बदलतो. ब्लूटूथ असेल तर त्यात आणखी भर. प्रतिसाद किती चपळ आला हेच ज्यांना मोजायचं आहे, त्यांनी याची धास्ती घ्यावी. पण मावशीने कोणतं बटण दाबलं हे मला हवं होतं, किती मिलिसेकंदांत दाबलं हे नको होतं. आवाज पाव सेकंद उशिरा पोहोचला म्हणून गायीचा गाळ होत नाही. आणि वेळच हवी असेल, तर एकाच माणसाची, एकाच फोनवरची दोन प्रकारची उत्तरं आपसात ताडून बघता येतात. उशीर दोन्हीकडे सारखाच, तो वजाबाकीत निघून जातो. वेळेचा मुद्दा काढणाऱ्यांना हे ठाऊक असतं. गावाचा विषय निघाला की त्यांना ते आठवत नाही, एवढंच.

तिसरा मुद्दा लक्षाचा, आणि मला सर्वांत झोंबणारा. त्याच्यामागे एक न बोललेली समजूत आहे : ध्वनिरोधक खोलीतलं ऐकणं शुद्ध, ओट्यावरचं मिसळलेलं. नॅन्सी निड्झिएल्स्की यांनी १९९९ साली डेट्रॉइटच्या लोकांना एकच आवाज ऐकवला. काहींच्या उत्तरपत्रिकेवर बोलणारी व्यक्ती 'कॅनडाची' असं छापलं होतं, काहींच्या 'मिशिगनची'. नुसत्या त्या शब्दाने लोकांनी वेगवेगळे स्वर ऐकले. जेनिफर हे आणि केटी ड्रॅगर यांनी २०१० मध्ये न्यूझीलंडमधला प्रयोग प्रसिद्ध केला. खोलीत कापडाची खेळणी ठेवली होती, कधी कांगारू नि कोआला, कधी किवी पक्षी. त्यावरून ऐकणाऱ्यांची उत्तरं सरकली. भिंती कितीही जाड केल्या तरी कान आपल्याबरोबर गाव, शाळा आणि समोरच्या माणसाचा दर्जा आत घेऊन येतो. खोली गोंगाट थांबवते, समाज थांबवत नाही.

मग माझ्या पडद्यावर कोणती खेळणी ठेवली होती? 'गाळ' हे छापील अक्षर. प्रमाण मराठीतल्या सूचना. ध्वनिमुद्रणात शिकलेल्या बाईचा आवाज. मावशीच्या सातवीतल्या नातवाला तेच बटण दाखवलं, तर त्याने वाचलं, "गाल?" तो हिंदी शाळेत शिकतो, त्याच्या वर्णमालेत ळ नाही, घरच्या बोलण्यातही नाही. त्याच्यापुढे मी कानाचा प्रश्न ठेवला असं मला वाटत होतं. प्रत्यक्षात ती वाचनाची परीक्षा होती.

इथे इतिहासाचाही थोडा वाटा आहे. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत हा भाग ज्या राज्यात होता त्याची राजधानी नागपूर होती. त्या दिवशी नागपूर द्विभाषिक मुंबई राज्यात गेलं, छिंदवाडा जिल्हा मध्य प्रदेशात राहिला. २०२३ मध्ये पांढुर्णा आणि सौंसर मिळून वेगळा पांढुर्णा जिल्हा झाला, पण शाळा-कचेरीची भाषा हिंदी ती हिंदीच. बाजार, दवाखाना, सोयरीक मात्र नागपूर-सावनेरकडे. एका प्रश्नावलीत मी पाहिलंय : 'राज्य'पुढे मध्य प्रदेश निवडलं की पुढची सगळी पानं आपोआप हिंदीत उघडतात. 'मातृभाषा' या चौकटीत एकच उत्तर भरता येतं. हिंदीतून वाचणारी, मराठीत भांडणारी आणि वऱ्हाडीत ओव्या म्हणणारी बाई त्या चौकटीत मावत नाही. मग तिची उत्तरं विस्कळीत दिसतात, आणि विस्कळीत दिसली की वगळली जातात. सर जॉर्ज ग्रिअर्सन यांच्या भाषा-सर्वेक्षणाच्या सातव्या खंडात, १९०५ साली, वऱ्हाड आणि मध्य प्रांतातल्या मराठीला स्वतंत्र जागा होती. सव्वाशे वर्षांनी एका ड्रॉपडाउनने ती काढून घ्यावी हे बरं नाही.

विरोधकांचं एक म्हणणं मात्र मला पूर्ण मान्य आहे. अगदी मंद आवाज कुठपर्यंत ऐकू येतो, गोंगाटात एखादा ध्वनी किती बुडतो, अशा मोजमापांना बंद खोली आणि तपासलेली उपकरणंच हवीत. श्रवणदोषाचं निदान व्हॉट्सॲपवरच्या लिंकने करू नये. आणि लिंक पाठवली म्हणजे गाव अभ्यासलं, हा दुसऱ्या टोकाचा उत्साहही खोटा आहे. २०२० मध्ये प्रयोगशाळांना कुलपं लागली तेव्हा हा उत्साह फार फोफावला होता. लिंक फोनपर्यंत पोहोचते. कानापर्यंत पोहोचवायला कुणीतरी शेजारी बसावं लागतं.

शेजारी बसून काय करता येतं, ते मी पुढच्या खेपेला केलं. त्याला नवं सॉफ्टवेअर लागलं नाही, पैसाही नाही. बटणांवरची अक्षरं काढली आणि चित्रं ठेवली : नालीतून फावड्याने काढलेला चिखल आणि दावणीची गाय. सूचना लेखी न देता मावशीच्याच जावेच्या आवाजात भरल्या. पडताळणीचे प्रश्न बदलले. 'दात' आणि 'हात' ठेवले, ज्यांवर कोणतीही बोली अडत नाही. तिथे जो चुकेल तो खरोखर लक्ष देत नाही असं म्हणायला हरकत नाही. मावशी एकदाही चुकली नाही. दोन बटणांशेजारी तिसरं दिलं, 'दोन्ही'. आणि 'हे कोण बोलतंय, आपल्यातलं की बाहेरचं?' असा वेगळा प्रश्न जोडला, कारण मावशी पहिल्या दिवसापासून त्याच प्रश्नाचं उत्तर देत होती आणि मी ते नोंदवत नव्हते.

यातलं सर्वांत उपयोगी ठरलं ते वाक्य. सुटा शब्द न वाजवता 'नालीतला –' आणि 'गोठ्यातली –' असा आधार दिला, आणि मावशीचा सगळा गोंधळ मिटला. तिच्या बोलीत ळ आणि य एक झाले तरी चिखल पुल्लिंगी आणि जनावर स्त्रीलिंगी राहिलं आहे. ध्वनीने सोडलेलं काम लिंग-वचनाने उचललं आहे. भाषा एक खांब काढते तेव्हा छताचा भार दुसऱ्यावर टाकलेला असतो. सुट्या शब्दांच्या प्रयोगाने तो दुसरा खांब स्वतःच पाडला आणि वर घर कच्चं असल्याची तक्रार केली.

या सगळ्या दुरुस्त्या प्राटमधल्या प्रयोगाच्या सोयीत करता येतात. ती इंटरनेटशिवाय, साध्या लॅपटॉपवर चालते. सायकोपायमध्ये करता येतात, जेएस-साइकमध्ये करता येतात, पीसी-आयबेक्समध्येही येतात. गोरिलासारख्या प्रत्येक सहभागामागे पैसे घेणाऱ्या साधनातही येतात. साधन अडवत नाही. अडवतो तो त्यांतला तयार नमुना, जो आपण न बघता उचलतो : दोन बटणं, लेखी सूचना, टोकाच्या आवाजांवर पडताळणी. तो नमुना ज्यांच्यासाठी घडला त्यांच्या कानात ती दोन टोकं पक्की असतात. म्हणून माझी मागणी साधी आहे. ज्यांना वगळलं त्यांची उत्तरं पुसू नयेत. निष्कर्ष दोनदा मांडावा, त्यांना धरून आणि त्यांना सोडून. दोन्हींत अंतर पडलं तर ते कुठल्या गावांतून पडलं हेही लिहावं. मग गाळ कोणता आणि गाय कोणती, हे वाचणारा ठरवेल.

आणि मराठीने मोजपट्टीला अडवण्याची ही पहिली वेळ नाही. अमेरिकेतल्या हॅस्किन्स प्रयोगशाळेत ली लिस्कर आणि आर्थर अब्रॅमसन यांनी १९६४ साली अकरा भाषा घेतल्या. व्यंजन सुटल्यापासून कंठातला घोष किती वेळाने सुरू होतो, या एकाच मापाने सगळ्या भाषांतले त-द, प-ब वेगळे करता येतात का, हे त्यांना बघायचं होतं. बहुतेक ठिकाणी ते माप चाललं. हिंदी आणि मराठीत द आणि ध पाशी ते अडलं, कारण दोन्हींत घोष आधीच सुरू असतो. ध चा महाप्राण त्या पट्टीवर दिसतच नाही. त्यांनी मराठी बोलणाऱ्याला चाळून बाहेर काढलं नाही. माप या ठिकाणी अपुरं पडतं असं लिहिलं, आणि ते लिहिलं म्हणून पुढच्यांनी महाप्राणासाठी दुसरी मापं शोधली.

मावशीची पहिल्या दिवसाची उत्तरं मी ठेवली आहेत. ळ वर चारपैकी चार 'गाळ', य वर चारपैकी दोन. त्यांच्यापुढे प्रोग्रामने 'अपात्र' असा शिक्का मारला होता. तो मी खोडलेला नाही, फक्त पुढे एक रकाना वाढवला आहे : 'कोणाच्या मते'.